तीनदा वीज गेली तेव्हा

मी उजव्या कानातलं यंत्र बोलतोय. आवाज जरा घोगरा वाटला तर सांभाळून घ्या, माझ्या आत ओल शिरली आहे.

स्वभावाने मी घाबरट आहे, हे आधीच कबूल करतो. पण त्यात माझा दोष थोडाच आहे? बारीक आवाज मोठा करून सांगणं हेच माझं काम. कुठे चमचा पडला तरी मला अख्खी मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. राईचा पर्वत करणं ही इतरांची खोड असते, माझा तो धंदा आहे.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे टोप्या घातलेल्या बायका भिंगातून बघत बघत आमच्या पोटात तारा जोडायच्या. माझ्याबरोबरच माझा जुळा भाऊ जन्मला, डाव्या कानाचा. पुढे एका दवाखान्यात आमच्या मालकांच्या कानांत मऊ लगदा भरून साचे घेतले आणि त्यावरून आमचे आकार बनवले. त्यामुळे मी दुसऱ्या कोणाच्याच कानात बसत नाही, डाव्याच्या जागीही नाही. एका माणसाशी अशी जन्माची गाठ बांधलेली असली की काळजी लागतेच.

मालक लाकूड कातणारे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा लेथ. पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे, खुर्च्यांच्या दांड्या, सगळं गोल आणि गुळगुळीत काम. चाळीस वर्षं त्या लेथच्या घरघरीत काढली आणि हळूहळू कान गेले. दवाखान्यातून आम्हाला घालून बाहेर पडले तेव्हा रस्त्यात तीनदा थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणीतरी आपल्या मागे येतंय असं त्यांना वाटत होतं. त्या त्यांच्याच चपला वाजत होत्या.

घरी बाई, म्हणजे मालकांची बायको, दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई! चाळीस वर्षांचं बोलायचं राहिलंय माझं."

त्याच संध्याकाळी मालक आम्हाला काढून डबीत ठेवायला शिकले.

लेथवर काम करताना आम्ही कानात नको, हे मलाही मान्य होतं. तो आवाज मी मोठा करून सांगितला असता तर मालकांचं डोकं फुटलं असतं. म्हणून ते शर्ट खिळ्याला टांगायचे आणि खिशातल्या पत्र्याच्या डबीत आम्हाला ठेवायचे. बंद करायला मात्र हमखास विसरायचे. आम्ही डबीत जागेच राहायचो आणि सगळं ऐकत बसायचो.

मग मालकांना हाक कशी मारायची? त्यावर बाईंनी तोड काढली होती. शेडच्या विजेचं बटण घराच्या मागच्या बोळात होतं. बाई ते एकदा बंद करून चालू करायच्या. लेथ गचकन थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. वीज एकदा गेली म्हणजे चहा. दोनदा गेली म्हणजे गिऱ्हाईक आलंय. वर्षानुवर्षं एवढ्यावर त्या दोघांचं बिनबोभाट चाललं होतं. संकटासाठी काही खूण ठरवावी, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि संकट काही आमच्याकडे नवं नव्हतं. आमचं गाव सपाट माळावर वसलेलं. हवा गरम होऊन कोंदटली, की कधीकधी काळ्या ढगातून एक सोंड खाली उतरते आणि जमिनीवरून फिरत जाते. बातम्यांत तिला टोर्नाडो म्हणतात. आमच्याकडे लोक नुसतं 'सोंड' म्हणतात. जिथून जाते तिथलं सगळं उचलते, आणि शेजारच्या घराच्या दोरीवरचे कपडेसुद्धा हलत नाहीत. तिची चाहूल लागली की पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजतो.

मी आल्यापासून तो अकरा वेळा वाजला होता आणि सोंड एकदाही आली नव्हती. लोक सरावले होते. समोरचा शिंपी तर भोंगा वाजला की फोन घेऊन गच्चीवर जायचा, फोटो मिळतोय का बघायला. आमच्या मालकांची तऱ्हा वेगळी. ते आम्हाला कानांतून काढायचे, डबीत घालायचे आणि म्हणायचे, "बघ, आता कसं शांत वाटतंय!"

बाई म्हणायच्या, "शांत तुम्हाला. भोंगा थोडाच थांबलाय?"

हे त्यांना ऐकू जायचं नाही, आम्ही डबीत असायचो ना.

त्यांची मुलगी दोन तासांच्या अंतरावर राहते, नर्स आहे. बाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभर येऊन राहिली होती. जाताना तिने घराच्या मधोमध असलेल्या, बिनखिडकीच्या बाथरूमच्या दारावर एक कागद चिकटवला. भोंगा वाजला की इथे यायचं. पायात बूट. डोक्यावर गादी. फोन, औषधं, पाणी, शिट्टी. आणि सगळ्यांत वर, लाल अक्षरात: 'बाबा, यंत्रं कानात.' दुसऱ्याच दिवशी मालकांनी त्या कागदावर आपला टॉवेल टांगला.

त्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले असतील. मालक पलंगाचे पाय कातत होते, आठातले पाच झाले होते. आम्ही डबीत, डबी शर्टात, शर्ट खिळ्यावर. लेथच्या घरघरीतून मला लांबून एक हेल ऐकू आला. चढत गेला, टिकला, उतरला, पुन्हा चढला. भोंगा!

डाव्याकडून चूं की चां नाही. तो माझ्यापेक्षा थंड डोक्याचा, बारावी वेळ म्हणून त्याने सोडून दिलं असावं. मी मात्र कासावीस झालो. सगळं ऐकू येतंय, आणि ज्याला सांगायचं तो चार हातांवर पाठमोरा उभा आहे. ऐकणं माझ्या हातात होतं, ओरडणं नव्हतं.

लेथ गचकन थांबला. वीज गेली आणि आली.

मालक पुटपुटले, "इतक्यात चहा?" आणि पटाशी पुन्हा लाकडाला लावली.

बाई बोळात पोचल्या होत्या तर! ऑपरेशनला जेमतेम सात आठवडे झाले होते. वॉकर सरकवत पलंगापासून बाथरूमपर्यंत जायलाच त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि बोळ तर बाथरूमच्या पुढे होता. म्हणजे त्या बाथरूमचं दार ओलांडून पुढे आल्या होत्या. मी घाबरून गेलो. जा ना हो आत, मी मनातल्या मनात म्हणत होतो, तुम्ही तरी जा.

लेथ पुन्हा थांबला. वीज गेली, आली. लगेच पुन्हा गेली, आली.

आता मालक थबकले. तीन वेळा! हात हवेत तसाच ठेवून त्यांनी विचार केला. तीनची खूण ठरलेलीच नव्हती. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी सरळ बेरीज केली होती: एक आणि दोन. म्हणजे गिऱ्हाईक आलंय, आणि चहाही झालाय.

झालं! घाई करायची सोडून माणूस नीटनेटका व्हायला लागला. लेथ बंद केला. हातावरचा भुसा झटकला, मिशीवरचा झटकला, कोपऱ्यातल्या बादलीत तोंड धुतलं. पत्र्याचं छप्पर हलायला लागलं होतं, पण ते मालकांना कसं ऐकू जाणार? फडक्याने मान पुसत ते निवांत उभे होते. माझा जीव वरखाली होत होता. आलेल्या कोणा गिऱ्हाइकाचा कधी आला नसेल इतका राग मला त्या न आलेल्या गिऱ्हाइकाचा आला.

पण खरं सांगायचं तर त्यानेच आम्हाला वाचवलं. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हणजे ऐकू यायला हवं. मालकांनी शर्ट अंगात घातला, डबी काढून लेथच्या फळीवर ठेवली, उघडली आणि नेहमीप्रमाणे आधी मला उचलून उजव्या कानात बसवलं.

जेवढं ऐकलं होतं तेवढं सगळं मी एकदम त्यांच्या कानात ओतलं. भोंगा, पत्रे, वारा, आणि बोळातून येणारी बाईंची हाक. "अहो! अहोऽऽ!" आवाज फाटला होता. किती वेळ हाका मारत होत्या कोण जाणे.

मालक धावले. डावा डबीतच राहिला.

अंगणात उजेड विचित्र होता, डबक्यातल्या पाण्यासारखा हिरवट. बोळात बाई भिंतीला टेकून, एका हाताने बटण धरून उभ्या होत्या.

"अगं, तू इथे काय करतेस?" मालक ओरडले.

"चहा करतेय! चला आत!"

मालकांनी त्यांना जवळजवळ उचलूनच बाथरूमपर्यंत आणलं. तिथे मात्र त्यांचं अवसान गळालं. दाराशी उभे राहून ते नुसते इकडेतिकडे बघायला लागले. त्यांच्या कानामागची शीर धडधडत होती, ती मला टेकूनच होती. बाईंनी टॉवेल खेचून खाली टाकला आणि मुलीचा कागद वाचायला सुरुवात केली, दुकानात यादी वाचावी तशी. "बूट. माझे पलंगाखाली, तुमचे पायात आहेत. मग गादी. ओढा ती. फोन माझ्या खिशात आहे. औषधं राहू द्या."

एकेक शब्द ऐकला की मालक तेवढं काम करत होते. बूट आणले, बाईंच्या पायात घातले. गादी ओढली. मग एकदम म्हणाले, "डावा राहिला शेडमध्ये. आत्ता आणतो."

बाईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "खाली बसा."

"एका मिनिटाचं काम आहे."

"खाली बसा म्हणते ना!"

ते बसले. पाठ भिंतीला, डोक्यावर गादी, दोघांची डोकी एकमेकांना चिकटलेली. आणि मग ती आली.

तो आवाज कसा होता ते सांगणं माझंच काम, पण मला जमणार नाही. मालकांचा लेथ मी चार वर्षं ऐकला. तसे हजार लेथ एकाच वेळी, एकाच लाकडावर लावले तर कदाचित. कानात दडे बसले. कुठेतरी काच फुटली, मग सगळ्याच काचा फुटल्या. बाथरूमचं दार चौकटीत थडथडायला लागलं. मालकांचा हात वर आला. मला ओळखीचा होता तो हात. सहन होईना की मला उपटायचं, ही त्यांची जुनी सवय. दोन बोटं माझ्यावर आली.

बाईंनी ती बोटं धरली. ओठ अगदी माझ्याजवळ आणून म्हणाल्या, "काढू नका. मी बोलतेय ते ऐका."

आणि त्या बोलत सुटल्या. काय बोलल्या म्हणाल तर काहीही. मोरीचा नळ गळतोय, तीनदा सांगितलंय. शिंपिणीची दोन पातेली आपल्याकडे आहेत, ती परत द्यायची आहेत. मुलीच्या लग्नात तुम्ही दोन पायांत दोन वेगळे बूट घालून फोटो काढलात, आणि तो फोटो व्याह्यांनी मोठा करून लावलाय. त्या हजार लेथांच्या खालून मी तो एक आवाज उचलत राहिलो आणि मालकांच्या कानात पोचवत राहिलो. आयुष्यात इतकं मन लावून मी काही केलेलं नाही. छताचा एक कोपरा उडाला, पावसाचं पाणी आमच्यावर आलं, माझ्या आतही गेलं. बाई थांबल्या नाहीत.

मग एकदम शांत झालं. गादी बाजूला केली तर वरून आभाळाचा एक तुकडा दिसत होता.

घराचा पुढचा भाग उभा होता. शेड नव्हती. लेथ उलटा होऊन शेजारच्या शेतात पडला होता. माझा भाऊ, डबी, पलंगाचे पाच पाय, काहीही सापडलं नाही. शिंपी गच्चीवर गेला होता. जिन्यात पडून त्याचा हात मोडला, पण वाचला. लोक आमच्या बाईंकडे बघून म्हणायचे, "काय धीराची बाई!" मालकही म्हणायचे.

मालक बदलले. डबीच उरली नाही, आणि नवी डबी त्यांनी आणलीही नाही. मी दिवसभर कानात. लोकांना वाटेल, माझ्यासारख्याला याहून सुख कोणतं? पण ते ऐकत नव्हते हो, कानोसा घेत होते. ट्रक मागे येताना पीं पीं करायला लागला की बूट घालून बाथरूमपाशी उभे. शेजारच्या मिक्सरला दचकायचे. दुरुस्त होऊन आलेला लेथ नव्या शेडमध्ये कापडाखाली तसाच पडून होता. दर दहा मिनिटांनी अंगणात जाऊन आभाळ बघायचे.

मुलगी आली. तिने नव्या शेडमध्ये आणि बाथरूममध्ये लाल दिवे बसवले, भोंग्याच्या वेळी बोळातून लावायचे. एक पिशवी भरून दाराला अडकवली. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, आता घाबरायचं नाही."

मालक भडकले. "अगं, घाबरायचं नाही म्हणजे काय करायचं? ते कसं करतात ते सांग ना! तुझ्या आईला जमतं. मला नाही जमत."

मुलगी पिशवीतल्या वस्तू पुन्हा मोजायला लागली. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

आज, जेवणं आटोपता आटोपता, भोंगा पुन्हा वाजला.

माझा नेहमीसारखा थरकाप झाला. मालकांचाही, तेही मला कळलं. पण ते उठले. बाईंना बूट घातले, स्वतः घातले, गादी ओढली, पिशवी घेतली, दार लावलं. सगळं तीन मिनिटांत. यादी कोणी वाचून दाखवली नाही. दोघं भिंतीला टेकून बसले.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटातला सेल संपत आला. तो संपायच्या आधी मी चार वेळा टुकटुक करतो. मालकांनी ते ऐकलं आणि बाईंकडे हात पसरला. "सेल! सेल दे गं!"

सेल बाईंच्या कमरेला खोचलेल्या बटव्यात होते. त्यांनी मालकांच्या कानातून मला काढलं, माझं झाकण उघडलं आणि नवा सेल बसवायला गेल्या. तो बसेना. चण्याच्या दाण्याएवढा सेल, माझ्या कडेवर ठकठक आपटला आणि हातातून निसटून मोरीच्या जाळीतून खाली गेला. त्यांनी दुसरा काढला. त्यांची बोटं थरथरत होती. थोडीथोडकी नव्हे, मनगटापासून थरथरत होती.

मालक त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी बाईंचे दोन्ही हात आपल्या एका हातात घेतले, दुसऱ्या हाताने मला उचललं, आणि कातकामाच्या त्या जाड बोटांनी सेल अलगद बसवला. मी पुन्हा त्यांच्या कानात आलो. भोंगा चालूच होता.

"तुझे हात कापतायत," मालक म्हणाले.

"कापतात."

"त्या दिवशीही?"

"त्या दिवशी तर जास्तच." बाईंनी मान खाली घातली. "एवढी बडबड मी उगाच नाही केली. गप्प बसले असते तर किंचाळले असते. लोक म्हणतात धीराची. मला सांगताही येईना की तसं काही नव्हतं."

बाहेर वारा वाढला होता, पण मी पाहिलं, त्यांचं लक्ष वाऱ्याकडे नव्हतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "बोळात जाताना तुझ्या वाटेवरच हे दार होतं. इतकी घाबरली होतीस तर आत का नाही गेलीस?"

बाई पुटपुटल्या. इतक्या हळू, की कोणाही धडधाकट कानाला ते कळलं नसतं. पण बारीक आवाज मोठा करणं हेच तर माझं काम.

"एकटी आत येऊन काय करणार होते मी?"

मालकांनी त्यांचे हात घट्ट धरले.

"ऐकू आलं?" बाईंनी विचारलं.

"आलं," मालक म्हणाले.

थोड्या वेळाने भोंगा थांबला. सोंड या वेळी आली नाही. तरी दोघं लगेच उठले नाहीत.

माझं आता फार दिवसांचं काम उरलेलं नाही. त्या दिवशीच्या पाण्याने माझ्या आतल्या तारा गंजल्या आहेत. कधीकधी बाजूला कोणी बोललं तरी मला ते घोंगडीतून आल्यासारखं ऐकू येतं. पुढच्या सोमवारी नवी जोडी येणार आहे आणि मी खणात जाईन. दुसऱ्या कोणाला मी बसत नाही, त्यामुळे तिथेच राहीन. त्याचं मला वाईट वाटत नाही, म्हणजे थोडं वाटतं.

जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्याकडे भोंगा वाजला की भ्यायलात तरी चालेल. मीही भितो, मालकही भितात, बाई तर सगळ्यांत जास्त. भीत भीतच बूट घाला आणि आत जा. आणि घरात कोणी कमी ऐकणारं असेल, तर त्याला बोलवायला कोण जाणार, ते आजच ठरवून ठेवा.